गार्डकाकांची सहलवही

रानात ज्वारी निसवायला लागली की पूर्णेच्या आमच्या गल्लीत एका माणसाला वहीची तलफ येते. कालनिर्णय बाजारात आलं त्याच दिवशी गार्डकाका ते घेऊन येतात, पण भिंतीला टांगत नाहीत. आधी ते पलंगावर उताणं पडतं. शेजारी लाल-निळी पेन्सिल, फूटपट्टी, लांबट आकाराची हिशेबाची वही आणि काड्यांना दोरी बांधलेला चष्मा. काकूंना त्या दिवशी पलंगावर टेकायची सोय नसते. दुपारभर रेघा ओढण्याचं काम चालतं. उभे आठ रकाने: महिना, ठिकाण, गाडी, जाणे, येणे, डबा, जबाबदारी, शेरा. आडव्या बारा ओळी. दिवेलागणीपर्यंत अजून न उजाडलेल्या वर्षातल्या सगळ्या सहली मिनिटांसकट ठरलेल्या असतात.

“झालं. लाईन क्लिअर,” असं म्हणत काका पेन्सिल कानावर ठेवतात.

“आता तरी उचला, मला वाती करायच्यात,” काकू म्हणतात.

असा माणूस तुमच्याकडेही असेल. कुणाचा मावसा असतो, कुणाचा साडू, कुणाच्या ऑफिसातला हेडक्लार्क. देवळात जाताना याच्याकडे टॉर्च असतो, टॉर्चमध्ये सेल असतात आणि जास्तीचे सेल पिशवीत असतात. आइस्क्रीम खातानाही याचं लक्ष घड्याळाकडे. घरातले सगळे त्याच्या नावानं बोटं मोडतात आणि सहलीचे फोटो पाहताना मात्र ‘तेव्हा मजा आली होती’ म्हणतात. आमच्या काकांत फरक एवढाच, की ते पूर्णेचे आहेत आणि रेल्वेत होते. त्यामुळं हे दुखणं त्यांना खात्यामार्फत झालेलं आहे.

पूर्णा तसं परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. पण इथला माणूस परगावी ओळख सांगताना ‘पूर्णा जंक्शन’ असंच सांगतो. एक रूळ परभणीवरून मनमाडला जातो, एक नांदेडवरून हैदराबादकडे आणि तिसरा वसमत, हिंगोली, वाशीम करत अकोल्याला. निजामाच्या काळापासून इथं छोटी गाडी होती, म्हणजे मीटरगेज. जयपूरहून निघालेली मीनाक्षी एक्स्प्रेस त्याच अरुंद रुळांवरून पूर्णेला यायची आणि पुढं हैदराबादकडे जायची. मनमाडकडची लाईन नव्वदच्या दशकात मोठी झाली, अकोल्याची व्हायला २००८ उजाडलं. हा सगळा इतिहास काका तुम्हाला चहा गाळून होईपर्यंत सांगू शकतात, आणि चहा गाळायला काकूंना जरा उशीर झाला तर ‘मीटरगेजचे डबे आतून कसे असायचे’ हा पोटविभागही होतो.

काका मालगाडीचे गार्ड होते, शेवटची काही वर्षं पॅसेंजरवर. २०२२च्या जानेवारीत रेल्वेनं ‘गार्ड’ हे पद मोडून ‘ट्रेन मॅनेजर’ केलं. तोवर काका निवृत्त झालेले होते. तरी ती बातमी त्यांनी कापून ठेवली आहे. “आम्ही नुसत्या झेंडीवर गाड्या काढल्या,” ते म्हणतात, “आता म्यानेजर झालेत, आधी मीटिंग घेतील.” गल्लीनं खात्याचा आदेश काही लागू केला नाही. गार्डकाका ते गार्डकाकाच राहिले.

वही भरून झाली की पुढच्या रविवारी ओट्यावर बैठक असते. हिला काका ‘सगळ्यांचं मत घ्यायची मीटिंग’ म्हणतात. फिटर साहेबांच्या घरच्यांना शेगावला जायचं असतं. गल्लीतल्या आजींना पंढरपूर. पोरांना वॉटरपार्क, आणि कॉलेजात नुकत्याच गेलेल्या एकाला ‘कुठंही चालेल, पण रेंज पाहिजे’. काका प्रत्येकाचं म्हणणं ऐकतात, मान हलवतात, मागच्या कोऱ्या पानावर लिहूनही घेतात. सगळ्यांचं बोलून झालं की चष्मा वर सरकवून म्हणतात, “छान सूचना आल्या.” आणि मग वही उघडून आठवड्यापूर्वी शाईनं लिहिलेली यादी वाचून दाखवतात. यंदाचं सोडलं तर एवढ्या वर्षांत त्या यादीतली एकही ओळ ओट्यावर बदललेली मी पाहिलेली नाही. चहा मात्र चांगला असतो, आणि काकूंची सुशीला असते. गरम मुरमुऱ्यांवर शेंगदाणे पेरलेली ती बशी हातात असली की लोकशाहीचा आग्रह आपोआप मावळतो.

यादी मात्र अशी असते की हरकत घ्यावी कशाला, तेच सुचत नाही. जानेवारीत हुरडा आणि जमलं तर माळेगाव. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, उंट, गाढवं विकायला येतात. काका तिथं दरवर्षी दोन-चार घोड्यांचे दात बघतात, भाव विचारतात, ‘जास्त आहे’ म्हणतात आणि पुढं सरकतात. त्यांना घोडा घ्यायचा नसतो, हे काकांना माहीत असतं, घोडेवाल्याला माहीत असतं, मला वाटतं घोड्यालाही. फेब्रुवारीत परभणीच्या तुराबुल हक दर्ग्याचा उरूस. तिथं पाळण्यात बसायचं नाही, खालून बघायचं, कारण ‘त्याला ब्रेकव्हॅन नाही’. मार्चमध्ये होळीच्या दुसऱ्या दिवशी नांदेडला हल्लाबोल बघायला जायचं आणि सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगरला बसायचं. लंगरवर काका फार खूश असतात. “हजारो माणूस जेवतंय, कुठं गडबड नाही. ह्याला म्हणायचं नियोजन.” एप्रिल आणि मे या दोन ओळींवर लाल फुली असते. ऊन बेचाळीस-त्रेचाळीसला टेकलेलं असतं आणि त्यात लग्नसराई. काका त्याला ‘मेगाब्लॉक’ म्हणतात. जूनमध्ये लोणार, जुलैत सहस्रकुंड, श्रावणात परळी नाही तर औंढा. पाऊस झाला असेल तर येलदरी. नवरात्र सरलं की माहूर, कार्तिकात नर्सीला नामदेवांच्या गावी, डिसेंबरात चारठाण्याची देवळं. मध्ये एखादा रविवार गंगाखेडला, जनाबाईंच्या देवळाला आणि गोदावरीत पाय बुडवायला.

येलदरीच्या धरणावर एक भाषण ठरलेलं आहे. “ही आपली पूर्णा. अजिंठ्याच्या डोंगरात निघती, गोदावरीला मिळती. ती विदर्भातली पूर्णा वेगळी, ती तापीला जाती. घोटाळा करू नका.” घोटाळा कुणीच केलेला नसतो. पण हे ऐकल्याशिवाय डबा उघडायची परवानगी नाही.

त्यांची भाषा कळायला नव्या माणसाला एक सहल जाते. काकूंनी होकार दिला म्हणजे ‘लाईन क्लिअर’. सहलीच्या तारखेला कुणाचं बारसं निघालं म्हणजे ‘क्रॉसिंग पडलं’. एखादं कुटुंब तयार व्हायला वेळ लावतंय म्हणजे ‘आउटरला उभं आहे’. तान्ह्या बाळाला घेऊन येणारीला ‘तुम्ही पुढच्या डब्यात बसा, शेवटच्याला झोले जास्त बसतेत’ असा मायेचा सल्ला. घड्याळ चोवीस तासांचं. “एकोणीस चाळीसला जेवू,” असं ते काकूंना सांगतात आणि काकू “भाकरी व्हायच्या तवा होतील” असं बारा तासांच्या घड्याळात उत्तर देतात.

शेतातल्या हुरड्यालाही ते असेच निघाले होते. ज्यांच्या शेतावर जायचं त्यांना महिनाभर आधी तारीख कळवलेली, आगटीची गोवरी किती, चटणी किती वाट्या, सगळं लिहून दिलेलं. आम्ही पोचलो तर ज्वारीचं कणीस दाबल्यावर नुसतं दूध येत होतं. हुरडा अजून आठ दिवस लांब. काकांनी वही उघडली. शेतमालकानं शांतपणे बिडी पेटवली आणि म्हणाला, “काका, जवारीला टाइमटेबल वाचता येत न्हाई हो.” मग त्यानं बोरं आणि हरभऱ्याचे डहाळे आणून टाकले आणि आम्ही ते खात बांधावर बसलो. वहीत शेरा पडला: ‘हुरडा अपरिपक्व. सोलाणा मिळाला.’

खरी गंमत या शेऱ्याच्या रकान्यात आहे. बाकीचे सात रकाने डिसेंबरातच भरतात. आठवा वर्षभर रिकामा असतो आणि सहल झाल्यावर त्याच रात्री, कपडे बदलायच्या आधी, लिहिला जातो. गार्डानं प्रवासाचा अहवाल लिहिल्याशिवाय झोपायचं नसतं, ही सवय हाडात मुरलेली. एकदा त्यांनी मला जुन्या वह्या चाळू दिल्या. त्यातले काही शेरे: ‘पाऊस. छत्री एक हरवली.’ (त्यांचीच.) ‘आजी चप्पल बदलून आल्या. नवी आली.’ ‘देव दिसला नाही, गर्दी दिसली.’ ‘मुले भांडली, समेट झाला, पुन्हा भांडली.’ आणि एका ठिकाणी फक्त, ‘काकू हसल्या.’ स्वतःच्या बायकोलाही वहीत ते काकूच लिहितात. गल्लीच्या नोंदवहीत घरगुती सलगी नको, असा हिशेब असावा.

सहस्रकुंडची नोंद पानभर आहे. पैनगंगेवरचा हा धबधबा नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या हद्दीवर आहे. किनवटच्या वाटेवर त्याच्या नावाचं रेल्वे स्टेशनही आहे. काकांनी जुलैतला एक रविवार धरला. आदिलाबादकडची गाडी, उतरल्यावर ॲपे, खडकावर पोचायची वेळ, धबधब्यासमोर उभं राहून फोटो काढायला दिलेला वेळ, सगळं लिहिलेलं. पावसानं त्या वर्षी दगा दिला होता आणि ते पूर्णेत बसूनही दिसत होतं, पण ‘तिकडं वरच्या अंगाला झाला असंल’ असं म्हणत आम्ही निघालो. पोचलो तर समोर काळाकुट्ट खडक उन्हात तापत पडलेला. एका कपारीतून पाण्याची एक बारीक धार, तीही संकोचल्यासारखी. सगळे गप्प. काकांनी पिशवीतून वही काढली, पान उलटलं, तारखेवर बोट ठेवलं, मग खडकाकडे पाहिलं, मग पुन्हा तारखेकडे.

“तारीख तर बरोबर आहे,” ते म्हणाले.

“धबधब्याला कळवलं नव्हतं का?” फिटर साहेब म्हणाले, आणि तिथून जे हसू सुटलं ते थांबेना. काकूंनी खडकावरच चादर टाकली. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, तेलात भिजलेला भुरका, हातानं फोडलेला कांदा. एरवी जिथं पाऊल टाकायची सोय नसते त्या खळग्यांत पोरं उतरली आणि बेडकाची पिलं शोधत बसली. दोन बायकांनी आधी लाजत, मग पदर खोचून फुगडी धरली. काका तेवढे एका बाजूला पाठ करून बसले होते, जणू धबधब्याकडून खुलासा येईल. परतीची गाडी उशिरानं होती. आम्ही वैतागलो, काकांचा चेहरा मात्र पहिल्यांदा उजळला. आता त्यांच्या हातात विषय होता. गाडी कुठं थांबली असेल, कुणासाठी थांबली असेल, कुठल्या स्टेशनवर तिला बाजूला घेतलं असेल, हे त्यांनी असं रंगवून सांगितलं की गाडी आली तेव्हा गोष्ट अर्धवट राहिली म्हणून पोरं कुरकुरली. रात्रीचा शेरा: ‘धबधबा गैरहजर. डबा उत्तम.’ ऑगस्टात पेपरात दुथडी वाहणाऱ्या सहस्रकुंडाचा फोटो आला. काकांनी तो कापून त्याच पानासमोर चिकटवला आणि खाली लिहिलं, ‘उशिरा हजर.’

लोणारनं तर त्यांना छळलंच. पहिल्यांदा ठरलं त्या वर्षी काकांच्या मुलीचं लग्न जमत होतं. मुलाकडचे वसमतचे. बैठक बसली, पोहे झाले, सुपारी फुटायची वेळ आली. मुलाच्या मामांनी पंचांग काढलं. आमच्या काकांनी वही काढली. मामा म्हणाले, “सोळा तारीख उत्तम आहे, गोरज मुहूर्त आहे.” काका म्हणाले, “सोळाला आमचं लोणार आहे.” खोलीत अशी शांतता पसरली की माजघरातली बांगडी ऐकू आली. काकूंनी दारामागून एकच शब्द उच्चारला, “अहो.” त्या शब्दाला लाल सिग्नलचं वजन होतं. काकांनी वही मिटली. लग्न सोळालाच झालं, धूमधडाक्यात झालं. आणि त्या ओळीपुढं शेरा आहे: ‘कार्यक्रमात बदल. ठिकाण मंगल कार्यालय, वसमत. उपस्थिती चांगली. मुलगी गेली.’

मग आलं २०२०. त्या वर्षीची वही सगळ्यांत नेटकी आहे. मार्चच्या नांदेडपर्यंत सगळं झालं होतं. २२ मार्चला जनता कर्फ्यू लागला आणि प्रवासी गाड्या देशभर थांबल्या. पूर्णेच्या माणसाला रात्री गाडीचा आवाज नसला तर झोप लागत नाही, हे तेव्हा कळलं. मालगाड्या सुरू होत्या. काका रात्री गच्चीवर जाऊन बसायचे आणि अंधारात नुसत्या आवाजावरून सांगायचे, “रिकामी चालली... ही भरलेली.” वहीत पुढं सगळीकडे ‘रद्द’. जूनच्या ओळीत पुन्हा लोणार होतं. आणि त्याच जूनमध्ये लोणारच्या तळ्याचं पाणी अचानक गुलाबी झालं. जगभर बातमी गेली. काका मास्क लावून, वही छातीशी धरून, प्रत्येकाच्या फाटकाबाहेर उभे राहिले. “बघा. जून लिहिलं होतं का नव्हतं?” पुढं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं की क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळं तो रंग आला होता. मी ते काकांना वाचून दाखवलं. “कारण काहीही असो,” ते म्हणाले, “टाइमिंग आपलं होतं.”

नंतर एकदाचे गेलो लोणारला. तिथं रेल्वे नाही, म्हणून टेम्पो केला होता आणि काका वाटभर अस्वस्थ होते. रस्त्याला सिग्नल नाहीत, समोरून कोण येतंय याची आगाऊ खबर नाही, हे त्यांच्या तत्त्वात बसत नाही. कड्यावर पोचलो. उल्का पडून झालेलं ते पावणेदोन किलोमीटरहून रुंद विवर, तळाशी तळं, भोवती झाडी. भलेभले तिथं गप्प होतात. काका बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “एवढा मोठा खड्डा पडला आन् अजून बुजवायला कुणी आलं न्हाई. आपल्याच जिल्ह्यातला वाटतो.” वास्तविक लोणार बुलढाण्यात. पण आमच्या रस्त्यांवरून पाठीचे मणके मोजत आलेल्या कुणालाही हरकत घ्यावीशी वाटली नाही.

काकूंची खरी तक्रार वेगळीच आहे. रेल्वेतून निवृत्त झालेल्यांना प्रवासाचे मोफत पास मिळतात. नवरा-बायको देशात कुठंही जाऊ शकतात. शेजारचे निवृत्त ड्रायव्हर रामेश्वर करून आले, दुसरे एक जगन्नाथपुरीला जाऊन आले. “ह्यांचा पास काश्मीरपर्यंत चालतो,” काकू म्हणतात, “आन् हे मला नेतेत मिरखेलला.” मिरखेल म्हणजे पूर्णेहून परभणीकडे जाताना लागणारं पहिलंच स्टेशन. मिरखेलला काय आहे, असं मी एकदा काकांना विचारलं. “लिंब आहे,” ते म्हणाले. “चांगला आहे.”

काकांचा नियम एकच: जायचं कुठंही, पण रात्री घरच्या पलंगावर. गल्ली याला चिकटपणा समजते. मीही समजायचो. एकदा औंढ्याहून परतताना ते आपणहून बोलले. औंढा नागनाथला जायचं म्हणून आम्ही चोंढीला उतरलो होतो. बारा ज्योतिर्लिंगांपैकी हे एक. गाभारा जमिनीखाली आहे, अरुंद तोंडातून वाकून खाली उतरावं लागतं. आमच्या गटातले दोन वजनदार सभासद उतरताना मध्येच थबकले आणि काकांनी वरून ‘एकेरी वाहतूक, एकेरी वाहतूक’ म्हणत बाकीच्यांना थोपवून धरलं. नामदेवांसाठी देऊळच फिरलं अशी तिथली कथा आहे, म्हणून नंदी देवळाच्या मागच्या बाजूला आहे. काका त्या नंदीसमोर जरा जास्तच वेळ उभे होते. पूर्णेत कित्येक गाड्यांचं इंजिन या टोकाचं काढून त्या टोकाला लावतात, ते बघत त्यांचा जन्म गेला. “इंजिन फिरलं,” ते नंदीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, “ह्याला कुणी सांगितलंच न्हाई. गार्ड आहे बिचारा.”

परतीच्या वाटेवर खिडकीशी बसून ते म्हणाले, “ह्या चोंढीच्या लूपमधी मालगाडी घेऊन मी किती राती काढल्या. पुढची लाईन मिळस्तोवर बसायचं. शिवरात्रीला बायाबापड्या उतरायच्या, औंढ्याला जायच्या. मी डब्याच्या दारात उभा. वाटायचं, जाऊन यावं. पण गाडी कधी सुटंल सांगता येत न्हाई. ड्रायव्हरला समोर गाव येताना दिसतं. गार्डाला जाताना दिसतं.” मग थोडं थांबून, “आन् झोप कुठं, तर रनिंग रूमला. आज मनमाड, उद्या अकोला. दुसऱ्याचं उशीचं तेल. आता घरीच झोपणार बाबा.” एवढं बोलून त्यांनी घड्याळ पाहिलं, गाडी दोन मिनिटं आधी आहे असं जाहीर केलं आणि सगळ्यांना उतरायच्या अर्धा तास आधी दाराशी उभं केलं.

वहीतली बहुतेक ठिकाणं रुळापासून फार लांब का नसतात, ते मला तेव्हा कळलं. काकूंना ते आधीपासून माहीत असावं. त्यांचं माहेर लातूरकडचं. वेळ अमावस्येला तिकडं सगळं गाव शेतात जेवायला लोटतं. आंबील, भज्जी, उंडे. त्या दिवशी काकूंना माहेरी जायचं असतं आणि तो दिवस वहीत दरवर्षी न सांगता, न मागता निळ्या पेन्सिलीनं राखून ठेवलेला असतो. ‘जबाबदारी’ या रकान्यात तिथं लिहिलेलं असतं: ‘मी.’

हल्ली वहीला जोडून व्हॉट्सॲपचा गटही आला आहे. सहलीच्या आठ दिवस आधीपासून रोज पहाटे त्यावर काकांचा मजकूर पडतो: ‘७ दिवस राहिले. टोप्या शोधाव्यात.’ ‘५ दिवस राहिले. ज्यांचे पाय दुखतात त्यांनी तेल लावणे सुरू करावे.’ ‘१ दिवस राहिला. आज लवकर जेवून लवकर झोपावे. कोणीही मालिका पाहू नये.’ तरुण मंडळी यावर अंगठे दाखवतात, मागं हसतात. त्यांच्यातला एक पुण्याला नोकरीला गेला. दिवाळीत आला तेव्हा म्हणाला, “तिकडं आम्ही मित्र सहा महिने लोणावळ्याला जायचं म्हणतोय. कुणी जातच नाही. आमच्यात वहीवाला नाही.” काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. संध्याकाळी मात्र त्यांनी त्याला एक कोरी हिशेबाची वही आणि फूटपट्टी नेऊन दिली. फूटपट्टी त्यांनी स्वतः वापरलेली, सहा इंचांपुढं घासून आकडे गेलेली.

काकांच्या नियोजनात एक भोक आहे, आणि ते काकूंनी अचूक हेरलं. आमची पूर्णा नदी गोदावरीला मिळते ते कंठेश्वर आमच्याच तालुक्यात आहे. इतकी वर्षं ते डिसेंबरच्या ओळीत शेवटी असायचं आणि शेऱ्यात दरवर्षी एकच मजकूर: ‘जवळच आहे. पुढील वर्षी.’ माहूर झालं, लोणार झालं, संगम राहिला. यंदा बैठकीत यादी वाचायला काकांनी तोंड उघडलं तोच काकू सुशीलाची परात घेऊन आल्या आणि परात खाली न ठेवता म्हणाल्या, “आधी संगम लिवा. मग वाढते.” ओट्यावर वहीतली ओळ बदलल्याचा हा पहिला प्रसंग. काकांनी शाईवर लाल रेघ मारली, वर नवी ओळ लिहिली आणि काकूंकडून तारखेवर मान्यतेची मान घेतली.

तेव्हा जानेवारीचा पहिला रविवार, कंठेश्वर. कुणाला यायचं असेल त्यांनी डिसेंबर संपायच्या आत गार्डकाकांच्या ओट्यावर येऊन नाव द्यावं. डबा आपापला, पाण्याची बाटली आपापली, म्हाताऱ्या माणसांनी काठी घ्यावी. निघायची वेळ सकाळी ७:१०. तुम्ही ७:११ला आलात तर ओट्यावर मांजर भेटेल.